इन्चार्जचं पद घ्या, पण आधी माणसांचा हिशेब शिका

एका नर्सने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा वर्षं नोकरी झालेली स्टाफ नर्स, त्यातली बहुतेक वर्षं आयसीयूत गेलेली. आता तीस खाटांच्या मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होणार का, अशी विचारणा झाली आहे. पेशंटजवळचं काम आवडतं आणि ते सुटेल अशी धास्ती वाटते. त्या वॉर्डातल्या निम्म्या सिस्टर वयाने मोठ्या आहेत. आपल्यानंतर लागलेला एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, केव्हाच सुपरवायझर झाला, ही सल मनात आहे. घरी मूल लहान आहे. शिवाय वरच्या पदांवर जायचं तर आधी पदवी घ्यावी की अनुभव, असंही विचारलं आहे.

पद घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टाफ नर्स, इन्चार्ज, सुपरवायझर आणि शेवटी सुपरिंटेंडंट अशी सगळी पदं मी भूषवली. दर वेळी बढतीच्या ऑर्डरवर लिहिलेलं काम आणि प्रत्यक्ष करावं लागलेलं काम यांत बरंच अंतर होतं. ऑर्डरवर 'देखरेख' असं लिहिलेलं असतं. खरा फरक पडतो तो वॉर्डला पुरेशी माणसं मिळवून दिल्याने, आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर हेच काम मोठं होत जातं. म्हणून बाकीच्या शंकांकडे वळण्याआधी त्याबद्दलच सांगते. ही विद्या वर्गात फारशी कुणी शिकवत नाही, आणि ती अवगत नसलेली सिस्टर मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत गप्प होते.

तुमचाच वॉर्ड घेऊ. तीस खाटा. सहा पेशंटमागे एक नर्स धरली तर एका शिफ्टला पाच जणी लागतात. हिशेब पाहणारा अधिकारी म्हणतो, तीन शिफ्ट, पंधरा जणी, झालं की. पण आठवड्याचे तास होतात १६८. ड्यूटीचा आठवडा ४० तासांचा असेल तर एक जागा अहोरात्र भरलेली ठेवायला ४.२ माणसं लागतात. वार्षिक रजा, आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण यांत पाचवा हिस्सा वेळ जातो असं धरलं की हा आकडा (४.२ भागिले ०.८) सव्वापाचवर पोचतो. पाच जागा गुणिले सव्वापाच म्हणजे सव्वीस जणी. आता समजा तुमच्या वॉर्डची मंजूर पदं अठरा आहेत. अठराला सव्वापाचने भागा, दर शिफ्टला साडेतीनदेखील हाती लागत नाहीत. कागदावर एकास सहा असलेलं प्रमाण वॉर्डात एकास जवळजवळ नऊ होऊन बसतं. नाइटला तर त्याहून बिकट, कारण राउंड, तपासण्या, ड्रेसिंग यांच्या नावाखाली माणसं सकाळकडे ओढली जातात. तुमच्याकडे ४८ तासांचा आठवडा असेल तर ४.२ च्या जागी ३.५ येईल, रजांचे नियमही वेगळे असतील. रीत तीच राहते.

हा हिशेब पाठ असला की 'एक नर्स वाढवून देतो' या आश्वासनाची किंमत लगेच कळते. वाढवून मिळालेली एक नर्स रजा-सुट्ट्या वगळून आठवड्याच्या एकवीस शिफ्टपैकी जेमतेम चार भरते. मागायचीच तर जागा मागा, आणि एका जागेला किती माणसं लागतात ते त्याच अर्जात मांडा.

आणखी एक गोष्ट वॉर्डात राबलेल्या माणसालाच ठाऊक असते. बहुतेक ठिकाणी पेशंटची मोजणी मध्यरात्री होते. सकाळी एका खाटेवरचा पेशंट डिस्चार्ज झाला, दुपारी त्याच खाटेवर नवा ॲडमिट झाला, तर मोजणीत ती खाट एकदाच येते. डिस्चार्जचे कागद, औषधं समजावून सांगणं, नव्या पेशंटची केस उतरवून घेणं, सलाइन लावणं, नातेवाइकांशी बोलणं, हे सगळं काम मात्र दुप्पट झालेलं असतं. मेडिसिन वॉर्डात ही ये-जा भरपूर असते. इन्चार्ज झाल्याच्या पहिल्या दिवसापासून एक साधी वही ठेवा: रोजचे ॲडमिशन, डिस्चार्ज, ट्रान्सफर, आणि त्या त्या शिफ्टला प्रत्यक्ष हजर असलेल्या नर्सची संख्या. शेजारच्या रकान्यात: तोल जाऊन पडलेले पेशंट, नव्याने झालेले बेडसोर्स, कॅथेटरमुळे झालेलं इन्फेक्शन, चुकलेले किंवा उशिरा गेलेले डोस. तीन महिन्यांत या वहीत असं काही दिसायला लागेल की जे तुम्हाला आधीपासून जाणवत होतं, पण दाखवता येत नव्हतं.

वरच्यांना पटवायला तुमच्या वहीखेरीज मोठे अभ्यासही हाताशी आहेत. लिंडा एकेन या स्वतः नर्स असलेल्या संशोधिकेने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं तपासली. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटवरचा तो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. नर्सकडे सरासरी एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासातही तोच ७ टक्क्यांचा आकडा आला. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये निवडक सरकारी रुग्णालयांत नर्स-पेशंट प्रमाण कायद्याने ठरवून दिलं. त्याचं मोजमाप २०२१ मध्ये छापून आलं, तेव्हा असं दिसलं की पेशंट लवकर घरी गेल्याने आणि पुन्हा भरती होण्याचं प्रमाण घटल्याने वाचलेला पैसा हा जास्तीच्या नर्सवर झालेल्या खर्चाच्या दुप्पट होता. खर्चाच्या फाइलवर सही करणाऱ्या माणसाला मृत्युदराचा आकडा हलवत नाही असं नाही, पण हा दुसरा आकडा तो लिहून घेतो. निदान माझा अनुभव तसा आहे.

कॅलिफोर्नियात असं प्रमाण ठरवणारा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००४ पासून अंमलात आला. तो आपोआप झाला नाही, तिथल्या नर्सच्या संघटनेने वर्षानुवर्षं रेटून तो करवून घेतला. संघटनेत जाणं म्हणजे करिअर बिघडवणं, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मी तो कधी मानला नाही. संघटनेत काम केलेल्या सिस्टरला नियम वाचता येतात, समोरच्याला खिंडीत न गाठता आपली मागणी रेटता येते, आणि मीटिंगचं इतिवृत्त सही करण्याआधी वाचायची सवय लागते.

मीटिंगचा विषय निघालाच आहे तर सांगते. इन्चार्ज झालात की तुम्हाला समित्यांवर घेतलं जाईल, आणि पहिली बोलावणी येतील ती निरोप समारंभ, स्पर्धा, सजावट यांची. गोड बोलून नकार द्या. खरेदी समिती मागा, इन्फेक्शन कंट्रोलची समिती मागा, औषधांच्या चुका तपासणारी समिती मागा. कुठला इन्फ्यूजन पंप घ्यायचा हे तो रोज हाताळणाऱ्या नर्सला न विचारता ठरतं आणि मग पुढची दहा वर्षं त्याचा अलार्म तुम्ही बंद करत बसता. तुमचा मुद्दा आधी कुणी ऐकलाच नाही आणि दहा मिनिटांनी दुसऱ्या कुणीतरी मांडला तेव्हा माना डोलल्या, हा अनुभव प्रत्येकीला येतो. त्यावर मला चाललेला उपाय साधा आहे. मुद्दा अर्ध्या पानावर लिहून आदल्या दिवशी अध्यक्षांकडे पाठवायचा, म्हणजे तो विषयपत्रिकेवर तुमच्या नावाने येतो.

डॉक्टरांशी बोलतानाही असाच आराखडा उपयोगी पडतो. आयसीयूत तुम्ही 'एसबार' वापरत असालच: आत्ता काय झालंय, मागची हकिगत काय, मला काय वाटतं, काय करायला हवं. ही पद्धत मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची. पुढे कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेने ती रुग्णालयात आणली. तिच्यातला नर्सना सगळ्यात जड जाणारा भाग शेवटचा. पेशंटची अवस्था आपण अचूक सांगतो आणि मग 'काय करू सर?' म्हणून थांबतो. तुमच्या वॉर्डच्या नव्या मुलींना फोन उचलण्याआधीच चौथं वाक्य तयार ठेवायला शिकवा: 'तुम्ही आत्ता येऊन बघावं असं मला वाटतं.' वॉर्डचा दरारा अशा वाक्यांनी तयार होतो, इन्चार्जच्या आवाजाने नाही.

आता त्या ब्रदरबद्दल. तुमची सल खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे २ कोटी ९८ लाख नर्सपैकी ८५ टक्के स्त्रिया आहेत. याच संघटनेने २०१९ मध्ये मांडलेलं चित्र असं होतं की आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्यांत ७० टक्के स्त्रिया, पण वरच्या पदांवर त्या २५ टक्के. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्ये नर्सिंग, प्राथमिक शिक्षण, ग्रंथालय आणि समाजकार्य या बायकांची मानली जाणारी क्षेत्रं अभ्यासली, तेव्हा तिथे पुरुष नकळत वर ढकलले जातात असं त्यांना आढळलं. त्यांनी त्याला काचेचा सरकता जिना म्हटलं. पुढे २००९ मध्ये ॲडिया हार्वी विंगफील्ड यांनी दाखवलं की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुष नर्सच्या वाट्याला हा जिना येत नाही. म्हणजे 'पुरुष आहे म्हणून' एवढ्यावर गोष्ट संपत नाही. नेमणारा ज्याच्यात स्वतःसारखं काही पाहतो, त्याला जिना मिळतो.

त्या ब्रदरवर राग धरून काही हाती लागणार नाही. तो चांगलं काम करत असेल तर त्याच्याकडून सुपरवायझरचं रोजचं काम समजून घ्या. बघायचं ते हे की तो वर गेला कसा. जवळजवळ नेहमी उत्तर एकच निघतं. कुणीतरी रजेवर गेलं, त्याच्याकडे तात्पुरता चार्ज दिला गेला, त्याच काळात एका प्रशिक्षणाला त्याचं नाव गेलं, आणि कायमची जागा निघाली तेव्हा 'अनुभव' त्याच्याकडे होता. तुम्हाला कुणी विचारलं नाही, कारण 'हिला मूल लहान, हिला जमणार नाही' हे तुमच्या वतीने दुसऱ्यानेच ठरवून टाकलं. म्हणून सुपरिंटेंडंटना सरळ सांगून ठेवा की तात्पुरता चार्ज घ्यायला मी तयार आहे आणि अमुक पदात मला रस आहे. आपण होऊन सांगणं बरं दिसत नाही, या संकोचापायी कितीतरी हुशार बायका त्याच जागी निवृत्त झालेल्या मी पाहिल्या. चार्ज घेताना मात्र ऑर्डर लेखी घ्या, तिच्यावर पदाचं नाव, तारीख आणि भत्ता असू द्या. ऑर्डरविना घेतलेला चार्ज अनुभवात धरला जात नाही, आणि काही बिघडलं तर जबाबदारी मात्र पूर्ण धरली जाते.

वयाने मोठ्या सिस्टरांचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा अवघड नाही. तो चिघळतो तो रोस्टरवर. कालपर्यंत बरोबर डबा खाणारी मैत्रीण आज ऑफ कुणाला द्यायचा हे ठरवते, तिथे संशय येतोच. नाइट किती सलग लावायच्या, शनिवार-रविवारचे ऑफ कोणत्या क्रमाने फिरणार, बदली ड्यूटी किती दिवस आधी मागायची, याचे चारपाच नियम सगळ्यांना बसवून ठरवा आणि भिंतीवर लावा. मग तुमच्या जवळच्या मैत्रिणीला त्या नियमाने पहिल्यांदा नाही म्हणायची वेळ येईल. ती लवकर आलेली बरी. मोठ्यांना हुकूम सोडू नका, त्यांचं कसब कामाला लावा. एखाद्या सिस्टरचा शिरेत सुई घालण्यात हातखंडा असतो. 'ताई, नव्या मुलींना तेवढं तुम्ही शिकवा, त्या दिवशी तुमचे दोन पेशंट मी बघते,' असं म्हटलं की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं तुम्ही ते दोन पेशंट खरोखर बघितलेत की नाही यावर अवलंबून असतं. आणि हो, पहिल्या महिन्यात कपाटांची जागासुद्धा बदलू नका.

पेशंटजवळचं काम सुटण्याची धास्ती रास्त आहे. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या कौशल्याचे नवशिकी ते निष्णात असे पाच टप्पे मांडले. निष्णात नर्सला मॉनिटर बघायच्या आधीच पेशंट बिघडतोय हे कळतं. तुम्ही आयसीयूत त्या टप्प्यावर आहात, आणि इन्चार्जच्या कामात पुन्हा पहिल्या टप्प्यावर जाणार आहात. पहिले सहा महिने आपण मूर्ख ठरतोय असं वाटत राहील. त्यामुळे दोन महिन्यांत राजीनामा लिहायला घेऊ नका. रोज एक तास, शक्यतो सकाळच्या हँडओव्हरनंतर, पेशंटजवळ राहा. तपासणी करायला म्हणून नव्हे, एखाद्या नर्सबरोबर हात चालवायला.

तरीही मन रमत नसेल तर वर जाण्याच्या सगळ्या वाटा ऑफिसातून जात नाहीत. लॉरेटा फोर्ड या नर्सने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांबरोबर १९६५ मध्ये कोलोरॅडोत नर्स प्रॅक्टिशनरचं पहिलं शिक्षण सुरू केलं. पेशंट तपासण्याचं काम न सोडताही नर्सचा अधिकार वाढू शकतो, ही वाट त्यातून अनेक देशांत रुजली. इन्फेक्शन कंट्रोल नर्स, क्लिनिकल शिक्षिका, जखमा किंवा डायलिसिस यांतली विशेषज्ञ, हीसुद्धा नेतृत्वाचीच कामं आहेत. फक्त अशा पदांना पगाराची श्रेणी आहे की नुसतं नाव, ते विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी नुसतं नाव असतं.

घर आणि लहान मूल. यावर मी उपदेश करणार नाही, तो तुम्हाला भरपूर मिळत असेल. एवढंच सांगते की बऱ्याच ठिकाणी इन्चार्जला नाइट कमी लागतात, आणि हा फायदा मागताना अपराधी वाटून घेऊ नका. मधे दोनतीन वर्षं सुटली तरी नर्सिंगमध्ये परतता येतं, पण नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका. ती नोंदणीही कुणीतरी लढून मिळवलेली आहे. एथेल मॅन्सन १८८१ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाची मेट्रन, म्हणजे तिथल्या नर्सची प्रमुख, झाली. १८८७ मध्ये बेडफर्ड फेनविक या डॉक्टरशी लग्न झालं आणि नोकरी सुटली. त्याच वर्षी तिने नर्सची संघटना काढली, १८९९ मध्ये आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद उभी केली, आणि नर्सची नोंदणी कायद्याने व्हावी म्हणून १९१९ चा कायदा होईपर्यंत भांडत राहिली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या नोंदणीच्या विरोधात होत्या, हे आज फारसं कुणी सांगत नाही. नोंदवहीत पहिलं नाव या एथेलबाईंचं आहे. मेट्रनच्या सहा वर्षांपेक्षा नोकरी सुटल्यानंतरचं त्यांचं काम कितीतरी मोठं ठरलं.

पदवी की अनुभव, यावर माझं उत्तर रोखठोक आहे. सुपरिंटेंडंटच्या पदाला ज्या ठिकाणी पदव्युत्तर शिक्षणाची अट आहे तिथे अनुभवाने ती अट टळत नाही, म्हणून ज्या पदाकडे डोळा आहे त्याचे भरतीचे नियम आजच मिळवा आणि त्यात लिहिलंय तेवढंच शिका. युरोपातल्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख केला त्यात पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी घटते असंही दिसलं होतं, तेव्हा शिक्षण वाया जात नाही. पण वॉर्ड चालवायचा असेल तर पदवीच्या जोडीला स्प्रेडशीट आलं पाहिजे. वर केलेला सव्वापाचाचा हिशेब कागदावर एकदा करता येतो. दर महिन्याला वेगवेगळ्या रजा धरून करायचा तर मशीन लागतंच.

होकार देण्याआधी सुपरिंटेंडंटना भेटून विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती, लांब रजेवर कितीजणी. रोस्टर माझ्या सहीने अंतिम होईल की कुणी वरून बदलेल? माणसं अपुरी असताना नवे पेशंट घेणं थांबवा असं म्हणायचा अधिकार मला आहे का, आणि रात्री तो कुणाकडे? इन्चार्ज असताना मला स्वतःला पेशंट वाटून दिले जाणार का, दिले तर किती? आधीची इन्चार्ज का गेली हेही विचारा, आणि जमलं तर त्यांनाच गाठून विचारा. उत्तरं टाळाटाळीची आली तर पद लगेच सोडून देऊ नका. तीन महिन्यांसाठी प्रभारी म्हणून घेते, असं सुचवा. आणि नकारच द्यायचा ठरला तर तोही लेखी द्या, कोणत्या अडचणी दूर झाल्यावर घ्यायची तयारी आहे ते त्यात लिहून. पुढच्या वेळी जागा निघेल तेव्हा 'त्यांना विचारलं होतं, त्या नको म्हणाल्या' एवढंच कुणी सांगू नये म्हणून त्या पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवा.